व्हाइट सॉक्सचा शेवटचा आठवडा: शिकागो ते डेट्रॉइट

सोमवार, 23 सप्टेंबर 2024

आज मॅच नाही. काल आमची शिकागोची बेसबॉल टीम, व्हाइट सॉक्स, सॅन डिएगोला पाद्रेजकडून 4-2 हरली आणि सीझनमधल्या हरलेल्या मॅच झाल्या 120. 1900 नंतरच्या बेसबॉलमध्ये एका सीझनला 120 मॅच हरलेली आजपर्यंत एकच टीम होती, 1962 ची न्यूयॉर्क मेट्स, आणि त्यांचं तर ते पहिलंच वर्ष होतं, बाकीच्या टीमांनी सोडलेले प्लेअर गोळा करून उभी केलेली टीम ती. आमचे व्हाइट सॉक्स 1901 पासून खेळतायत. आता सहा मॅच राहिल्यात, तीन घरी एंजल्सशी, तीन डेट्रॉइटला टायगर्सशी, त्यातली एक जरी गेली तरी रेकॉर्ड आमच्या नावावर.

ज्यांना बेसबॉलचं गणित माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एका सीझनमध्ये 162 मॅच असतात, मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत जवळजवळ रोज. चांगली टीम 95 जिंकते, वाईट टीम 95 हरते, म्हणजे अगदी रडतखडत खेळणारी टीम पण साधारण तीनातली एक मॅच काढतेच. आम्ही 156 मधल्या 36 काढल्यात. सुरुवातच 3-22 अशी झाली, म्हणजे 3 जिंकल्या, 22 हरल्या. मग मे-जूनमध्ये सलग 14 हरलो, आणि 10 जुलैपासून 5 ऑगस्टपर्यंत सलग 21. ते 21 दिवस (मॅचचे म्हणतेय, मधे ऑलस्टारची, म्हणजे निवडक प्लेअरच्या मॅचची, सुट्टी पण आली) मी ऑफिसातून येताना गाडीत रेडिओवर ऐकत काढलेत आणि 6 ऑगस्टला रात्री उशिरा आमची पोरं ओकलंडला 5-1 जिंकली तेव्हा घरात सगळे झोपलेले होते आणि मी किचनमध्ये उभी राहून रडत होते. दोन दिवसांनी मॅनेजर (म्हणजे कोच) पेड्रो ग्रिफोलला काढलं, ग्रेडी साइझमोरला तात्पुरतं नेमलं.

2021 ला हीच टीम 93 मॅच जिंकून डिव्हिजनची, म्हणजे आमच्या गटाची, चॅम्पियन होती हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. त्यानंतर 81, मग 61, आणि आता हे. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये वरची माणसं काढली, ख्रिस गेट्झला जनरल मॅनेजर केलं, यंदा सीझन सुरू व्हायच्या आधीच डिलन सीझला पाद्रेजला देऊन टाकलं, जुलैमध्ये फेडी, कोपेक, फॅम एकाच दिवसात गेले. लुईस रॉबर्ट एप्रिलमध्येच दुखापतीने बाहेर गेला. जे उरले त्यातले कितीतरी जण वर्षाच्या सुरुवातीला खालच्या मायनर लीगमध्ये बसने फिरत होते.

तर मी ठरवलंय की सहाच्या सहा बघायच्या, शिकागोच्या पण आणि डेट्रॉइटच्या पण. नवरा म्हणाला अगं जिंकायला लागतील तेव्हा जाऊ की सगळे. पण जिंकायला लागल्यावर 40 हजार माणसं येतील, तेव्हा मी नसले तरी चालेल. आत्ता ही पोरं रोज संध्याकाळी टोपी घालून मैदानात उतरतायत आणि सगळी अमेरिका ती कधी हरतायत याची वाट बघतेय, तेव्हा त्यांच्या बाजूने बसलेलं कुणीतरी पाहिजे. एवढंच आहे माझं म्हणणं.

मंगळवार, 24 सप्टेंबर

ऑफिस लूपमध्ये, म्हणजे डाउनटाउनला, तिथून रेड लाइनची मेट्रो पकडली की सॉक्स-35थ स्टेशनला दहा-पंधरा मिनिटांत. डॅन रायन एक्स्प्रेसवेच्या मधोमध स्टेशन आहे, दोन्ही बाजूंनी गाड्या घोंघावतात, वर पुलावर आलं की पश्चिमेला स्टेडियम आणि पूर्वेला माझं कॉलेज. हो, मी इथल्या आयआयटीची, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, सांगलीहून ऑगस्ट 2005 मध्ये दोन बॅगा घेऊन आले ती इथेच. बेसबॉलचा ब पण माहीत नव्हता. आणि त्याच ऑक्टोबरमध्ये सॉक्स 1917 नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनल, जिंकले, 88 वर्षांनी! 23 ऑक्टोबरच्या रात्री, पाऊस, कडाक्याची थंडी, आम्ही चार मुली एका छोट्या टीव्हीसमोर, कोनेर्कोने तीनही बेसवर आमचे रनर उभे असताना होम रन मारला, म्हणजे बॉल थेट मैदानाबाहेर, आणि मग शेवटी स्कॉट पॉडसेडनिकने, ज्याने अख्ख्या रेग्युलर सीझनमध्ये एकही होम रन मारला नव्हता, त्याने मारून मॅच संपवली, आणि टीव्हीवर दिसायच्या आधी खिडकीतून फटाक्यांचा आवाज आला. त्या रात्रीपासून मी सॉक्सची आहे. या शहरात बहुतेक देशी लोक कब्जचे, म्हणजे शिकागोच्या दुसऱ्या टीमचे असतात, त्यांचं रिग्ली फील्ड सुंदर आहे, आजूबाजूला हॉटेलं आहेत, पाहुणे आले की तिकडे नेतात. ठीक आहे. साउथ साइडची माणसं वेगळी, आणि मला तीच आपली वाटतात.

मॅचच्या आधी पार्किंगमध्ये जाऊन आले. 35थ स्ट्रीटच्या उत्तरेला पार्किंग लॉटमध्ये सॉक्सच्या जुन्या स्टेडियमची, कोमिस्की पार्कची होम प्लेट (बॅटर उभा राहतो ती जागा) जिथे होती तिथे एक दगडी प्लेट बसवलीय, बाजूला बॅटर्स बॉक्स रंगवलेला, फाउल लाइन रंगवलेली. 1910 ते 1990 इथे मॅच झाल्या. लोक तिथेच गाड्या लावून ग्रिल पेटवतात, आज एक आजोबा आपल्या नातवाला प्लेटवर उभं करून बॅट कशी धरायची ते दाखवत होते, नातू पाचेक वर्षांचा असेल, बॅट त्याच्याहून मोठी.

आत गर्दी नेहमीपेक्षा बरीच जास्त होती आणि कारण सगळ्यांना माहीत होतं. माझ्या मागच्या रांगेत तीन पोरं मुद्दाम 121 वी हार बघायला आली होती, इतिहास घडताना बघायचा म्हणे. मला राग आला नाही असं नाही पण तिकीट त्यांनी पण काढलंय. थोड्या थोड्या वेळाने 'सेल द टीम' (टीम विकून टाका) अशा घोषणा सुरू व्हायच्या, त्या मालकासाठी. जेरी राइन्सडॉर्फ 1981 पासून मालक आहेत, आणि याच वर्षी डाउनटाउनच्या दक्षिणेला नवीन स्टेडियमसाठी सरकारी पैसा हवा म्हणून त्यांची बोलणी चालू होती. टीमची ही अवस्था आणि वर नवीन स्टेडियम, लोक भडकणारच. घोषणेत मी पण सामील झाले, मोठ्याने. पण पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, बॉल हातात घेऊन उभा असताना नाही, इनिंग बदलताना. (इनिंग म्हणजे दोन्ही टीमची बॅटिंगची एकेक पाळी, मॅचला अशा नऊ.) हा फरक माझ्या आजूबाजूचे जुने लोक पण पाळत होते.

शेजारच्या सीटवर सत्तरीच्या एक बाई होत्या, मांडीवर पुठ्ठा, त्यावर स्कोअरकार्ड, कानामागे पेन्सिल. इथे अजून बरेच लोक हाताने स्कोअर लिहितात. प्रत्येक बॅटरला एक चौकोन, चौकोनात छोटा डायमंड, आणि फिल्डरना नंबर, पिचर 1, कॅचर 2, असं करत राइट फील्ड 9. शॉर्टस्टॉपने (6) बॉल सेकंड बेसमनला (4) फेकून तिथून फर्स्ट बेसमनकडे (3) गेला की 6-4-3. तीन स्ट्राइक होऊन बॅटर आउट झाला की स्ट्राइकआउट, त्याला इंग्रजी के, आणि बॅटर नुसता बघत उभा राहिला तर उलटा के. रन झाली, म्हणजे प्लेअर सगळे बेस फिरून होम प्लेटला परत आला, की डायमंड पूर्ण पेन्सिलने भरायचा. सातव्या इनिंगपर्यंत त्यांच्या कार्डावर आमच्या बाजूचा एकही डायमंड भरलेला नव्हता. यंदा सातव्या इनिंगनंतर मागे असताना सॉक्स एकदाही जिंकले नव्हते, एकदाही नाही, त्यामुळे आठवी सुरू झाली तेव्हा मागची पोरं फोन काढून व्हिडिओच्या तयारीत बसली होती.

आणि आठव्यात तीन रन झाल्या! अँड्र्यू बेनिनटेंडीने सिंगल (फर्स्ट बेस गाठता येईल असा फटका) मारून आघाडी मिळवून दिली, 3-2, आणि तेवढ्यावरच जिंकलो. बाईंनी एकामागून एक तीन डायमंड भरले, तिसरा भरताना पेन्सिलीचं टोक मोडलं, तर पर्समधून दुसरी काढली, मी बघतच राहिले, म्हणजे अशा सीझनला ही बाई दोन पेन्सिली घेऊन येते. घरच्या सगळ्या मॅचची कार्डं आहेत म्हणाल्या त्यांच्याकडे, यंदाची पण. मी विचारलं यंदाची कशाला ठेवताय, तर म्हणाल्या, 'हनी, हे पण झालंच ना.'

बुधवार, 25 सप्टेंबर

सकाळी ऑफिसात सगळ्यांनी अभिनंदन केलं. त्यातले निम्मे चिडवत होते, पण मी सगळ्यांना थँक्यू म्हटलं.

संध्याकाळी परत रेड लाइन. आज आधी खाल्लं, काल राहून गेलं होतं. सॉक्स पार्कचा एलोटे ज्याने खाल्ला नाही त्याने इथलं काहीच खाल्लं नाही. गाडीवर मावशी उभी असते, मेक्सिकन, मक्याचे गरम दाणे कपात भरते, त्यावर बटर, मेयोनीज, चुरलेलं चीज, लाल तिखट, वरून लिंबू पिळते आणि चमच्याने खालपासून वरपर्यंत ढवळून देते. आपल्या पावसाळ्यातल्या लिंबू-तिखट लावलेल्या कणसाची सख्खी बहीण आहे ती. मला ती मावशी चेहऱ्याने ओळखते, न विचारता तिखट जास्त घालते.

मॅच पण जोरदार झाली. 3-3 वर नऊ इनिंग संपल्या. एक्स्ट्रा इनिंगमध्ये आता नियम असा आहे की प्रत्येक टीमचा एक रनर आधीच सेकंड बेसवर उभा करतात, म्हणजे मॅच लवकर निकाली लागावी. जुन्या लोकांना हा नियम आवडत नाही, माझं पण मत तेच आहे, रन कमवायला पाहिजे. पण दहाव्या इनिंगला परत बेनिनटेंडी, परत सिंगल, 4-3, मॅच खलास, आणि पोरं मैदानात धावत येऊन त्याच्या अंगावर पडली. वॉक-ऑफ म्हणतात याला, घरच्या टीमने जिंकणारी रन काढली की तिथेच खेळ संपतो. वरती स्कोअरबोर्डची चक्रं फिरली, फटाके उडाले. ही फटाक्यांची पद्धत बिल व्हीकने 1960 ला जुन्या पार्कात सुरू केली होती, तेव्हापासून चालू आहे.

मी मात्र दुसरंच काहीतरी बघत होते. सहाव्या का सातव्या इनिंगला आमच्या एका पोराने साधा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून जाणारा फटका मारला, सरळ सेकंड बेसमनच्या हातात, शंभरात शंभर वेळा आउट. आणि तो पोरगा पूर्ण जोर लावून फर्स्टकडे धावला, डोक्यावरचं हेल्मेट उडालं, आउट झाला, वाकून हेल्मेट उचललं, माती झटकली आणि चालत डगआउटमध्ये, म्हणजे टीमच्या बसायच्या जागेत गेला. 120 मॅच हरलेल्या टीममध्ये, शेवटच्या आठवड्यात, वर्षभर टीव्हीवर हसं झाल्यावर. टाळ्या वाजवणारे आम्ही सातआठ जण असू. शेजारच्या कालच्याच बाईंनी कार्डावर 4-3 लिहिलं (सेकंड बेसमनकडून फर्स्टला), बाजूला छोटी चांदणी काढली. कशासाठी विचारलं तर म्हणाल्या, धावल्याबद्दल.

गुरुवार, 26 सप्टेंबर

घरची शेवटची मॅच, दुपारची. ऑफिसला रजा टाकली आणि आईला घेऊन गेले. आई जुलैपासून आमच्याकडे आहे, क्रिकेट पक्कं कळतं तिला, सांगलीची आहे, विजय हजारेंपासून स्मृती मानधनापर्यंत सगळं आपल्या घरचंच असल्यासारखं सांगते. महिनाभर माझं रेडिओ ऐकणं बघत होती पण स्टेडियमला पहिल्यांदाच आली.

सुरुवातीला तिचे प्रश्न, फाउल, म्हणजे हद्दीबाहेर गेलेला बॉल, आउट का नाही, बॅट टाकून का पळतात, एवढा मोठा मिट (हातमोजा) घालून कॅच घेतला तर त्यात काय विशेष. तिसऱ्या इनिंगपर्यंत मात्र ती पिचरकडेच बघायला लागली. कॅचर (आपला विकेटकीपर) खाली बसून बोटांनी खुणा करायचा तो जमाना आता गेला, बहुतेक जण मनगटावरची बटणं दाबून पिचरच्या टोपीत आवाज पाठवतात. ते तिला सांगितलं तर तिला एकदम मजा वाटली. मग म्हणाली, 'अगं पण हा खाली बसलाय त्याचे गुडघे काय होत असतील, नऊ इनिंग.' खरंच आहे. मातीत पडलेला प्रत्येक बॉल छातीवर, दंडावर घ्यायचा, मागे जाऊ द्यायचा नाही, आणि परत बसायचं. हे वर्षात शंभर मॅच. टीम हरतेय म्हणून बॉल हळू लागत नाही.

आज सगळं सोपं गेलं, 7-0. एंजल्सवर तीनही मॅच जिंकलो. ते पण बिचारे वाईट अवस्थेत आहेत, त्यांचा माइक ट्राउट एप्रिलच्या शेवटापासून गुडघ्यामुळे बाहेर आहे. घरच्या मॅचचा आमचा हिशेब झाला 23 विजय, 58 पराभव. आईने विचारलं एवढ्या हरल्या तरी लोक शेवटपर्यंत उठत का नाहीयेत. मी म्हटलं शेवटची मॅच आहे, आता सहा महिने नाही. ती म्हणाली मग बसू अजून थोडं. सगळे प्लेअर आत गेले, ग्राउंड्समन होम प्लेटभोवतीची माती खरवडायला लागले तरी आम्ही बसलेलो, शेवटी सिक्युरिटीवाल्याने हसून हात दाखवला. स्कोअरकार्डवाल्या बाईंनी आईला आपली एक कोरी पेन्सिल दिली, टीमचं नाव असलेली. आईने पर्समधून राजगिऱ्याची वडी काढून दिली.

शुक्रवार, 27 सप्टेंबर

युनियन स्टेशनहून सकाळची ॲमट्रॅकची वॉल्व्हरीन ट्रेन. गॅरीच्या स्टील मिल, मग इंडियानाचा किनारा, मग मिशिगन, कलामाझू, बॅटल क्रीक, ॲन आर्बर. घड्याळ एक तास पुढे. प्रवासात लिहिण्यासारखं फारसं काही नाही, सफरचंदाच्या बागा आहेत आणि डब्यात माझ्याशिवाय अजून दोघं सॉक्सची काळी टोपी घातलेले होते, बापलेक, ते पण तिकडेच. मान हलवून एकमेकांना ओळख दिली.

डेट्रॉइट स्टेशनवरून क्यूलाइन नावाची ट्राम वुडवर्ड ॲव्हेन्यूने थेट डाउनटाउनला जाते, फुकट. माझी आयआयटीची रूममेट आणि तिचा नवरा कँटनला राहतात, त्यांच्याकडे मुक्काम, तो पक्का टायगर्सवाला. आणि त्याचा आज मोठा दिवस होता. टायगर्सनी जुलैच्या शेवटी हार मानून आपला पिचर जॅक फ्लॅहर्टीला देऊन टाकलं होतं, ऑगस्टच्या दहा तारखेला 55-63 होते, आणि तिथून जे सुटले ते आज एक विजय मिळाला की 2014 नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये. समोर कोण तर आम्ही.

टायगर्सच्या स्टेडियमच्या, कोमेरिका पार्कच्या दारात भलेमोठे दगडी वाघ आहेत, भिंतीवर वाघांची डोकी, प्रत्येकाच्या तोंडात बेसबॉल. आत पाळणा आहे, मेरी-गो-राउंड आहे, सेंटर फील्डच्या मागे टाय कॉब, अल केलाइन, हँक ग्रीनबर्ग या त्यांच्या जुन्या प्लेअरचे पुतळे. गच्च भरलेलं होतं, सगळं नारंगी आणि गडद निळं, त्यात मी काळी जर्सी घालून. आमच्याकडून गॅरेट क्रोशे पिचिंगला, यंदाचा आमचा एकमेव ऑलस्टार. 146 इनिंगमध्ये 209 स्ट्राइकआउट घेऊन त्याने सीझन संपवला. वर्षभर मी त्याच्या मॅचची वाट बघायचे कारण त्या दिवशी निदान पहिल्या चारपाच इनिंग आम्ही कुठल्याही टीमच्या बरोबरीचे असायचो. बॉल सोडताना त्याचा हात इतका लांबून येतो की समोरचे डावरे बॅटर अक्षरशः मागे सरकतात.

4-1 हरलो. 121.

शेवटचा आउट झाल्यावर सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं, टायगर्सची पोरं एकमेकांवर उड्या मारत होती, आणि फर्स्ट बेसच्या बाजूची मंडळी जिकडे तिकडे मिठ्या मारत होती. आमची पोरं डगआउटच्या कठड्याला टेकून थोडा वेळ बघत राहिली आणि आत गेली. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या, माझ्या टीमसाठी. रूममेटचा नवरा स्वतःच्या आनंदात पण माझ्याकडे बघून गप्प झाला होता, मी त्याला म्हटलं अरे ओरड की, दहा वर्षं थांबलायस! मग ओरडला.

बाहेर पडताना जिन्यात एका म्हाताऱ्या टायगर्सवाल्याने माझी जर्सी बघून थांबवलं. म्हणाला, '2003 ला मी इथे असाच बसायचो.' त्या वर्षी डेट्रॉइट 43-119 होते, अमेरिकन लीगचा तो रेकॉर्ड आमच्या आधी त्यांचाच होता, शेवटच्या सहातल्या पाच जिंकून मेट्सच्या आकड्यापासून वाचले. आणि तीन वर्षांनी, 2006 ला, तेच वर्ल्ड सिरीजमध्ये. त्याने हे सगळं सांगितलं नाही, फक्त '2006 लक्षात ठेव' एवढं म्हणून खांद्यावर हात ठेवला आणि गेला. आजच कॅन्सस सिटी पण प्लेऑफमध्ये पोचले, तेच कॅन्सस सिटी जे गेल्या वर्षी 106 हरले होते. आमच्याच डिव्हिजनमधली उदाहरणं आहेत ही, लांबची नाहीत. पण त्यांनी खर्च केला, चांगले प्लेअर आणले, खालून पोरं नीट तयार केली. नुसतं थांबून राहिलं की आपोआप बरं होतं असं नाहीये, आणि आमच्याकडे तेच कोण करणार हा प्रश्न आहे.

शनिवार, 28 सप्टेंबर

सकाळी मिशिगन आणि ट्रंबल या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर गेलो. 1999 पर्यंत टायगर्सचं जुनं स्टेडियम इथे होतं. पाडलं, पण जागेवर लहान मुलांचं मैदान ठेवलंय आणि जुना झेंड्याचा खांब तसाच उभा आहे, खेळ चालू असायचा तेव्हा तो मैदानाच्या आतच असायचा. आठदहा वर्षांची मुलं प्रॅक्टिस करत होती, कोच ओरडत होता. शिकागोत जुन्या कोमिस्कीच्या जागेवर गाड्या लागतात. हे मला मनापासून जास्त आवडलं, आमच्याकडे पण असंच करायला पाहिजे होतं. तिथून जवळच मिशिगन सेंट्रलची इमारत, तीसेक वर्षं ओसाड पडलेलं रेल्वे स्टेशन, फोर्डने दुरुस्त करून जूनमध्ये उघडलंय, आतल्या कमानी बघण्यासारख्या आहेत. दुपारी कोनी डॉग, इथला खास हॉट डॉग. शेजारी शेजारी दोन दुकानं आहेत, कुठलं चांगलं यावरून नवरा-बायकोत भांडण झालं, आम्ही दोन्हीकडे खाल्लं.

मॅच 4-0 जिंकलो. रेकॉर्ड होऊन गेलेला, कॅमेरेवाले निघून गेलेले, समोरची टीम प्लेऑफमध्ये पोचलेली, कशालाच काही अर्थ नाही असं कुणीही म्हणेल, आणि या दिवशी आमच्या पोरांनी टायगर्सना एक पण रन करू दिली नाही. माझ्या लेखी आठवड्यातली सगळ्यात चांगली मॅच ही. कालच्या बातमीत सगळ्या जगाने 121 छापलं, आज कुणी काही छापणार नाही म्हणून मी इथे लिहून ठेवतेय.

रविवार, 29 सप्टेंबर

9-5, परत जिंकलो. शेवटचा हिशेब 41-121. मेट्सनी 40-120 केल्या होत्या, त्यांच्या निकाल लागलेल्या मॅच 160 च होत्या, म्हणजे टक्केवारी काढली तर ते आमच्यापेक्षा खाली आहेत. पण तो वाद घालायची मला काही गरज वाटत नाही. 121 हरलो, हरलो. 507 रन केल्या, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात कमी, तो खरा रोग आहे, पिचिंगपेक्षा बॅटिंगने आमचा घात केला. आणि शेवटच्या सहातल्या पाच जिंकलो, ते पण तितकंच खरं आहे.

मॅच संपल्यावर व्हिजिटर्स डगआउटच्या वरच्या रांगेत आम्ही काळ्या टोपीवाले पंचवीस-तीस जण जमलो होतो, ट्रेनमधले बापलेक पण. प्लेअर आत जाताना आम्ही नावं घेऊन हाका मारत होतो, ज्याचं नाव कुणाला माहीत नाही अशा बुलपेनमधल्या पोरांची (राखीव पिचरांची) पण. एकाने आपली बॅटिंग ग्लोव्ह वर फेकली, ती त्या ट्रेनमधल्या मुलाच्या हातात पडली, त्याने लगेच घातली, बोटं दीड इंच रिकामी.

रूममेटचा नवरा मंगळवारी ह्यूस्टनविरुद्धची त्यांची प्लेऑफ बघायला मित्रांना घरी बोलवतोय, मला फोनवर जॉइन हो म्हणाला. होणार आहे मी, यंदा ऑक्टोबरमध्ये टायगर्स. उद्या सकाळच्या ट्रेनने परत. पुढच्या वर्षीचं वेळापत्रक आलंय, 27 मार्चला पहिलीच मॅच घरी आहे, समोर परत एंजल्स. मी चार तिकिटं काढणार आहे, आई तोपर्यंत सांगलीला परत गेलेली असेल, म्हणजे एक सीट रिकामी आहे. नेपरव्हिल, शॉमबर्ग अशा शिकागोच्या उपनगरांकडून कुणाला यायचं असेल तर सांगा, मार्चमध्ये तिथे वारा फार असतो, जाड जॅकेट आणा, एलोटे माझ्याकडून.